रुमलीबाईच्या अंगणातली जीप

तळोद्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आता ते मुलगा चालवतो, मी दुपारी जाऊन बसतो. इंजिन उघडणारा मिस्त्री वेगळा, पत्रा ठोकणारा वेगळा. माझ्याकडे बॅटरी, इंजिन फिरवणारा सेल्फ, दिवे, हॉर्न आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. पाण्याची नळी फुटली तर खाली ओल दिसते. वीज कुठे अडली ते दिसत नाही. म्हणून माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक नुसती गाडी आणत नसे, सोबत एक संशयितही आणायचं. आधीच्या मिस्त्रीनं पार्ट बदलला, ड्रायव्हरनं काहीतरी केलं, भावानं चावी नेली होती, शेजाऱ्याची नजर लागली.

त्यातही पूर्ण बंद पडलेली गाडी बरी. टोचन लावून आणतात, दोष जागेवरच बसलेला असतो, शोधला की सापडतो. छळते ती कधी सुरू होणारी आणि कधी न होणारी. दुकानात आली की ती शहाण्यासारखी वागते. चावी फिरवा, सुरू. पुन्हा फिरवा, पुन्हा सुरू. गिऱ्हाईक ओशाळं होतं, आणि मलाही वाटायला लागतं, हा खोटं तर बोलत नाही?

तापीकाठचे एक केळीवाले गुजर शेतकरी होते, नरोत्तमभाई. नवी गाडी घेतली आणि महिन्याभरात तणतणत आले. ड्रायव्हर बापू बाजूलाच उभा होता. त्याच्यासमोरच म्हणाले, "युनूस, ही गाडी मन्हं ऐकत नही, बापूनं ऐकस. त्यानी चोर बटन बसाडेल शे, दुसरं काही नही."

मी दोघांनाही गाडी सुरू करायला लावली. बापूची झाली, शेठची नाही. तेव्हा मी वर बघायचं सोडून खाली पायांकडे बघितलं. नव्या गाड्यांत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फला वीज जात नाही. तिथे एक छोटा स्विच असतो. नरोत्तमभाईंचा गुडघा दुखरा, पाय अर्ध्यातच थांबायचा. सीट पुढे सरकवली आणि गाडी त्यांचंही ऐकायला लागली. ते मोठ्यानं हसले. बापू हसला नाही. त्या दिवाळीच्या आत त्यानं ती नोकरी सोडली. मी गाडीतला दोष काढला होता, पण शेठचं बोलणं बापूच्या कानातून काढणं मला जमणार नव्हतं.

ही हसण्यावारी गेलेली गोष्ट. आता जी सांगणार आहे ती तशी गेली नसती. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे जाताना मध्येच एक कच्चा रस्ता डोंगरात शिरतो, त्याच्या टोकाला ते गाव आहे, एवढं पुरे.

तिथला रायसिंग नावाचा पावरा आदिवासी तरुण जीप चालवायचा. जुनी, दुसऱ्या हातानं घेतलेली. रोज धडगावच्या फेऱ्या, बाजाराच्या दिवशी तळोदा. गावात तेवढी एकच गाडी. एका बाजाराच्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "चाचा, कधी सुरू होते, कधी होत नाही."

सोबत त्याचा मेहुणा जोमा होता. दुकानाच्या पायरीवर बसून माझ्या हातांकडे बघत राहिला.

मी चावी फिरवली. जीप लगेच सुरू झाली. बॅटरी बघितली, टर्मिनल घासले, सेल्फ उतरवून साफ करून परत बसवला, मीटर लावून सगळ्या जोडण्या तपासल्या. सगळं ठीक. चावीच्या स्विचमागची एक तार ढिली वाटली ती घट्ट केली, आणि तीच असणार असं म्हणून त्याला पाठवून दिलं. पुढच्या बाजाराला तो पुन्हा हजर. मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून नवी बॅटरीही टाकली होती. माझ्यासमोर गाडी पुन्हा पहिल्या चावीला सुरू झाली.

"बंद कुठे पडते?" मी विचारलं.

"घरी. वरती."

"धडगावला?"

"नाही."

"इथे?"

"इथे तर तुम्हीच बघता."

"घरी गाडी लावतोस कुठे?"

रायसिंगनं जोमाकडे पाहिलं. जोमा पायरीवरून उठला आणि पहिल्यांदाच बोलला. "तुमच्या मीटरमध्ये दिसणार नाही ते. गाडी बिघडलेली नाही. बांधलेली आहे."

मला ते ऐकून नवल वाटलं नाही. आमच्या तळोद्यात, नंदुरबारात बंपरला लिंबू-मिरची नसलेली गाडी शोधावी लागते, आणि त्यात शिकलेल्यांच्याच गाड्या जास्त. मी जोमाचं बोलणं हसून सोडून दिलं. पण त्याचा चेहरा ध्यानात राहिला.

दोन-तीन दिवसांनी दुकानात एक बाई आली. त्याच गावची आशा कार्यकर्ती, सुनिता. तळोद्याला मीटिंगला आली होती. गिऱ्हाईकं जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली, मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "चाचा, रायसिंगच्या गाडीला काय झालंय ते लवकर शोधा. गावात रुमलीबाईचं नाव घेताहेत."

"कोण रुमलीबाई?"

"म्हातारी आहे. एकटीच राहते. तिच्या अंगणाशी रस्ता संपतो, म्हणून गाडी तिथेच लागते. रायसिंगच्या बापाच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. झोळी करून खाली आणला, डांबरी रस्त्याला लागेपर्यंत गेला बिचारा." ती थांबली. "तुम्हाला सांगितलं नसेल त्यानं."

सांगितलं नव्हतं. दोन वेळा माझ्यासमोर बसून चहा प्यायला, पण बापाचा शब्द काढला नव्हता.

"मग बाप्यांनी धरून धरून गाडी उतारावरून खाली सपाटीला आणली," सुनिता म्हणाली, "आणि तिथे पहिल्या चावीला सुरू झाली. तेव्हापासून सगळे म्हणतात, तिच्या अंगणातून बाहेर पडली की सुटते. बाजाराच्या दिवशी म्हातारी गावात नसते, त्या दिवशी बरोबर सुरू होते. डाकीण म्हणताहेत तिला. येत्या बाजारानंतर पंच बसणार आहेत."

डाकीण ठरवलेल्या बाईचं काय होतं ते नंदुरबार जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. मारहाण होते, घर सोडावं लागतं, कधी त्याहून वाईट. "कायदा आहे, चाचा. कुणाला फोन करायचा तेही मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण घाट चढून कुणी येईपर्यंत काय होईल सांगता येत नाही. आणि एक विचारा कुणाला तरी, रुमलीबाईचं शेत कुणाच्या बांधाला लागून आहे ते."

"कुणाच्या?"

"जोमाच्या."

ती गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. पायरीवर बसलेला जोमा आठवत होता. गाडी तळोद्यात सुरू होते, धडगावात सुरू होते, फक्त त्या अंगणात होत नाही. एखादा माणूस तिथे रोज हात घालत असेल तर अगदी असंच घडेल. एक तार काढायची, काम झालं की परत लावायची. म्हातारी पळून गेली की शेत आयतं मिळालं. मला ते इतकं पटलं की दोष सापडल्यासारखंच वाटलं. फक्त वर जाऊन हात पकडायचा राहिला होता.

बायको जरीना म्हणाली, "मत जाओ ऊपर. उनका आपस का मामला है." तिचंही चूक नव्हतं. मी तिथे परका, डोंगरातली भाषा मला धड बोलता येत नाही. पण आता थांबणं जमत नव्हतं. येत्या बाजाराच्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन मी रायसिंगच्या जीपमध्येच बसलो. पंचांनी गोष्ट काढण्याआधी मला एक दिवस बघू दे, एवढंच त्याला म्हणालो. तो हो म्हणाला. पण कुणी सांगितलं तुम्हाला, असं त्यानं विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याचाही मला संशय आला.

जीपमध्ये माणसं, पोती, कोंबड्या. घाटभर कुणी माझ्याशी बोललं नाही. पाठीमागे कुजबुज चालली होती. त्यातलं मला फक्त रुमलीचं नाव कळत होतं.

गाव म्हणजे दूर दूर घरं, प्रत्येक घर आपापल्या शेतात. रस्ता चढत चढत जाऊन एका कुडाच्या घराच्या अंगणाशी संपत होता. अंगण चांगलंच चढाचं. पोती उतरवायची होती म्हणून रायसिंगनं खालीच गाडी फिरवून उलटी वर घेतली. उतरल्या उतरल्या मी म्हणालो, "बंद कर, आता सुरू कर." सुरू झाली. जोमा शेजारी उभा होता. त्यानं त्या घराच्या बंद दाराकडे बोट केलं. "बाजारातून आली नाही अजून. म्हणून." आजूबाजूची माणसं माना हलवत निघून गेली.

त्या रात्री मी रायसिंगच्या घरी राहिलो. जोमा मात्र राखणीला म्हणून जीपमध्येच झोपला. मी मनाशी म्हटलं, सापडला. सकाळी कुणी उठायच्या आत बॉनेट उघडून एकेक नट तपासला. पाना लागलेल्या नटावर ओरखडा उमटतो, धूळ सरकलेली असते. सगळ्या नटांवर कालच्या घाटाची धूळ जशीच्या तशी. एकाही तारेला बोट लागलेलं नव्हतं. जोमा डोळे चोळत उठला आणि मला विचारलं, "काय शोधताय?" मी म्हणालो, "वायर." त्याला ते खरं वाटलं नसावं.

रायसिंग सकाळची फेरी करून दुपारी परत आला. पोती नव्हती, म्हणून नेहमीसारखा सरळ वर आला आणि गाडी नाक वर करून उभी केली. बाजारच्या गावीच रात्र काढून रुमलीबाई सकाळी उशिरा परतली होती, आता घरात होती. दार अर्धं उघडं होतं, आत लुगड्याचा काठ दिसत होता. बातमी आधीच फिरली असावी. बरीच माणसं जमली होती, सुनिताही आली होती.

"सुरू कर," मी म्हणालो.

टक. फक्त एक टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ फिरत नाही. कुणीतरी काहीतरी मोठ्यानं ओरडलं आणि सगळ्यांचे चेहरे त्या दाराकडे वळले. दार आतून लागलं.

इतक्या वर्षांत अनेक गिऱ्हाईकं अंगावर आली होती, पण माझ्या हातून उशीर झाला तर दुसऱ्या कुणाला मार पडेल अशी वेळ कधी आली नव्हती. मी रायसिंगला म्हणालो, "फिरवत राहा, थांबू नको." आणि इंजिनात हात घालून एकेक वस्तू चाचपत गेलो. बॅटरीची तार थंड. सेल्फची तार थंड. मग हात अॅक्सिलरेटरच्या केबलला लागला आणि चटका बसला.

त्या केबलला गरम व्हायचं काहीच कारण नाही. ती पायापासून इंजिनपर्यंत गेलेली लोखंडी दोरी, विजेशी तिचा संबंध नाही. ती तापते ती एकाच वेळी, विजेला परतीचा खरा रस्ता बंद असतो आणि ती मिळेल त्या वाटेनं जाते तेव्हा.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. वीज बॅटरीतून निघून सेल्फपर्यंत जाते आणि तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. इंजिन रबराच्या गोट्यांवर बसवलेलं असतं, रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांना जोडणारी तांब्याची एक जाड पट्टी असते. आम्ही तिला अर्थिंग म्हणतो. दिवे आणि हॉर्न यांना तिची गरज नाही. सेल्फला आहे, कारण तो इंजिनवर बसलेला असतो.

मी जीपखाली शिरलो. पट्टी जागेवर होती, दोन्ही बोल्ट घट्ट. वरून तेल-मातीचा थर. तो खरवडला तर आत पट्टीचे सगळे तंतू तुटलेले, दोन टोकं फक्त एकमेकांना टेकून राहिलेली. रबराचा गोटा बसून गेला होता. गाडी सपाट उभी राहिली की टोकं टेकायची. नाक वर झालं की इंजिन मागे झुकायचं आणि टोकं सुटायची. तळोद्याचं दुकान सपाट. धडगावचा स्टँड सपाट. बाजाराच्या दिवशी पोत्यांसाठी गाडी उलटी लागायची, म्हणजे नाक खाली, टोकं टेकलेली. म्हातारीचं बाजाराला जाणं आणि गाडीचं उलटं लागणं एकाच दिवशी यायचं, एवढाच त्यांचा संबंध.

बाहेर येऊन मी जंपरची एक तार घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. दुसरं टोक स्वतः इंजिनला लावणार होतो, पण हात थांबला. जोमाला हाक मारली.

"तू लाव."

तो पुढे आला नाही. सुनितानं पावरी बोलीत त्याला काहीतरी सुनावलं, तेव्हा आला. मी जागा दाखवली. त्यानं चिमटा लावला, रायसिंगनं चावी फिरवली, इंजिन धडधडलं. जोमा दचकून मागे सरला.

"काढ." काढला. बंद करून पुन्हा फिरवली. टक.

"लाव." सुरू.

हे आम्ही लोकांचं समाधान होईपर्यंत केलं. एक म्हातारा पुढे आला, त्यानंही लावून बघितलं. मग मी पेटीतली नवी पट्टी बसवली आणि तार काढून टाकली. त्याच चढावर, त्याच दारासमोर, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

मला वाटलं होतं लोक हसतील, बोलतील. ते गाडीकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत राहिले. रायसिंगनं इंजिन बंद केलं आणि मातीत बसला. तुटकी पट्टी त्यानं हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली.

"बाप यानं गेला?"

आत्तापर्यंत त्याच्याजवळ राग धरायला एक माणूस होतं, आता नुसता तांब्याचा तुकडा उरला होता. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दोनदा बघितली, चाचा. तेव्हा का नाही दिसली?"

"तेव्हा ती जोडलेली होती," मी म्हणालो. ते खरं होतं. पण त्याच्या नजरेत जे आलं ते मी ओळखलं. सुनिता दुकानात येऊन गेल्यापासून तीच नजर मी जोमावर रोखून बसलो होतो. पाना नाही, ओरखडा नाही, पुरावा नाही, तरी चोर ठरवून टाकला होता. त्याचा डोळा शेतावर असेल, नसेल. जीपला मात्र त्यानं हात लावलेला नव्हता.

माणसं पांगल्यावर सुनिता मला रुमलीबाईच्या घरात घेऊन गेली. आत चुलीशी ती बसली होती. बारीक, काळीसावळी, हातात चांदीची जाड कडी. एका फडक्यात कपडे बांधून ठेवलेले होते, ते तिनं पायानं मागे सारले. आम्हाला काळा चहा दिला. सुनिता तिला सगळं सांगत होती, पट्टी, रबर, चढ. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मला एक प्रश्न विचारला. सुनितानं तो मराठीत सांगायला थोडा वेळ घेतला.

"म्हणते, गाडीतलं तुटलेलं तू हातात धरून दाखवलंस. उद्या कुणाची बकरी मेली, पोर तापलं, तर त्यातलं कोण दाखवील?"

मी चहा संपवला. सुनिताच म्हणाली, "पोर तापलं तर मला बोलवायचं, मी दाखवीन." म्हातारीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बकरीचं कुणीच बोललं नाही.

पंच बसले नाहीत. पुढच्या बाजाराला रायसिंग इंजिनचा रबरी गोटा बदलायला आला. काम करता करता मी विचारलं, "गाडी आता कुठे लावतोस?"

"खाली. शाळेजवळ."

"का? चढावर सुरू होते ना आता?"

"होते की. पण घरातल्या बायका ऐकत नाहीत."

"आणि तू?"

त्यानं जुना रबरी गोटा उचलून बघितला. काम झाल्यावर निघून गेला.

त्यानंतर डोंगरात काही काम निघालं की मी वाट वाकडी करून त्या गावात जातो. मुलाची गाडी घेतो, मुद्दाम रुमलीबाईच्या अंगणात नाक वर करून लावतो, सगळ्यांना दिसेल असा बाहेर बसून काळा चहा पितो. सुनिताही येते. ती तर दर आठवड्याला बसते तिथे, रजिस्टर भरायचं काम अंगणातच काढते. खालच्या वाटेनं जाणारे बघतात. काही जण रामराम करतात, काही जण वाट बदलतात. जोमा एकदा थांबला, गाडीकडे बघितलं आणि पुढे गेला.

मागच्या खेपेला मी निघालो तेव्हा म्हातारी दारात उभी होती. मी गाडीत बसलो, चावीला हात लावला, तशी ती काहीतरी म्हणाली आणि बोळक्या तोंडानं हसली. मी सुनिताकडे पाहिलं.

"म्हणते, जा, सोडली तुझी गाडी."

सुनिताही हसली, आणि लगेच मान वळवून तिनं खालच्या वाटेकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.